सराफ्यातील दिवाळी आणि तारेचे तीन फाटे

ग्वाल्हेरचे लष्कर हे नावाप्रमाणेच मुळात लष्कराची छावणी होय. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला, पुढे राहुट्यांच्या जागी वाडे उठले आणि छावणीचे शहर झाले. ह्या शहरात, महाराज बाड्यापासून हाकेच्या अंतरावर, सराफा बाजार आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नक्षीदार दगडी सज्जे आणि खाली सोन्याचांदीची दुकाने. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी तेथे पाऊल ठेवावयास जागा नसते. आमचे आजोळ ह्याच बाजारातले. जयविलास राजवाड्यातील (तो १८७४ सालचा) ती दोन प्रचंड झुंबरे ज्यांनी पाहिली आहेत त्या ग्वाल्हेरकरांना चार रंगीत दिव्यांचे काय कौतुक, असे वाचकांस वाटेल. परंतु आमच्या मामांनी सज्जा, चौक व गच्ची अशा तिन्ही ठिकाणी मिळून चोवीस दिवे लावून ते सारे एका नियंत्रकाच्या आज्ञेत ठेवण्याचा घाट घातला होता, आणि धनत्रयोदशीस भर गर्दीत त्या चोवीस दिव्यांनी आमची जी फजिती केली तिच्यातूनच हा लेख निघाला आहे.

प्रथम हे दिवे आज्ञा कशी पाळतात ते पाहू. नियंत्रकापासून निघणाऱ्या तारेतून दिव्यांना वीज मिळत नाही. ती त्यांना निराळी मिळते. ह्या तारेतून जातात ते केवळ आकडे. नाट्यगृहांतील दिव्यांसाठी अमेरिकेतील नाट्यतंत्रज्ञांच्या संस्थेने १९८६ साली एक पद्धत ठरवून दिली. तिला डीएमएक्स ५१२ असे म्हणतात. तीत नियंत्रक ० ते २५५ मधील एक असे ५१२ आकडे ओळीने पाठवितो, आणि संपले की पुनश्च पहिल्यापासून आरंभ करितो. वर्गात गुरुजींनी कोणाचेही नाव न घेता हजेरीच्या क्रमाने नुसते गुण वाचीत जावे आणि प्रत्येक मुलाने मोजून आपले गुण टिपून घ्यावेत, तसाच हा प्रकार आहे. एका दिव्यात लाल, हिरवा व निळा असे तीन रंग असल्याने त्यास तीन आकडे लागतात. आमच्या चोवीस दिव्यांना बहात्तर पुरले.

हे वाचन मात्र विलक्षण वेगाने चालते. एका आकड्यासाठी अकरा खुणा, प्रत्येक खूण ४ मायक्रोसेकंदांची, म्हणजे एका आकड्यास ४४ मायक्रोसेकंद. सर्व ५१२ आकड्यांची फेरी सुमारे २३ मिलिसेकंदांत पुरी होते आणि सेकंदास अशा ४४ फेऱ्या होतात. खुणा तरी कसल्या? एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारांपैकी कोणती तार दुसरीपेक्षा वरच्या दाबावर आहे, एवढेच दिवा पाहतो. पहिली वर असेल तर ‘एक’, दुसरी वर असेल तर ‘शून्य’. बाहेरून एखादा विद्युत्-उपद्रव आला तरी पिळामुळे तो दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि दोहोंमधील फरक तसाच राहतो. युक्ती सोपी आणि सुंदर आहे. फरक निदान ०.२ व्होल्ट असावा, म्हणजे झाले. त्याहून कमी असेल तर काय समजावे ह्याची दिव्यास शाश्वती नसते. हा शेवटचा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण आमची चूक तेथेच आम्हांस भोवली.

नियंत्रक ओटीवर होता. तेथून एक तार जिन्यापर्यंत आणून आम्ही तिला तीन फाटे फोडले: एक सज्जाकडे दहा दिव्यांसाठी, एक चौकाकडे आठांसाठी आणि एक गच्चीकडे सहांसाठी. घरच्या विजेच्या तारांना आपण असेच फाटे फोडतो, मग येथे का नको, असा आमचा सरळ हिशेब होता. सांधे कच्चे राहू नयेत म्हणून खालच्या दुकानातील सोनारकाकांना विनंती केली. त्यांनी ऐन गर्दीच्या आदल्या रात्री वेळ काढून असा सांधा करून दिला की तो दागिन्यात शोभला असता. बॅटरी आणि लहान दिवा लावून आम्ही तिन्ही फाटे तपासले. प्रवाह शेवटपर्यंत उत्तम जात होता. आणि तरीही संध्याकाळी सज्जातील दिवे ज्वर भरल्यासारखे थरथरू लागले, चौकातील निळे दिवे मध्येच हिरवे होऊ लागले, आणि गच्चीवरील कधी चालत, कधी नुसतेच पाहत राहत. रस्त्यावरील मंडळी माना वर करून हसत होती. मामांनी तासाभराने सारेच बंद करविले आणि पणत्या लावल्या.

सर्वांनी दोष सांध्याला दिला. बिचाऱ्या सोनारकाकांचा चेहरा उतरला. वास्तविक सांध्यात काहीही दोष नव्हता; दोष फाटे फोडण्यात होता.

तो कसा, हे समजण्यासाठी क्षणभर असे कल्पावे की विजेची खूण ही तारेतून धावणारी लाट आहे. अशा तारेत ती एका मायक्रोसेकंदात सुमारे २०० मीटर जाते. लाट निघते तेव्हा पुढे काय आहे, हे तिला ठाऊक नसते. तिची गाठ पडते ती पायाखालच्या तारजोडीशी. ह्या तारजोडीची जाडी, अंतर व वेष्टन ह्यांवरून लाटेच्या दाबाचे व प्रवाहाचे एक ठराविक प्रमाण पडते. त्यास संरोध म्हणतात, आणि ह्या कामाच्या तारेत तो १२० ओहम असतो. साध्या मापकाने मोजू गेल्यास हा आकडा मिळणार नाही, कारण तो स्थिर प्रवाहाचा नव्हे, धावत्या लाटेचा आहे. जोवर पुढे १२० ओहमच आहेत तोवर लाट सुखाने धावते. परंतु आमच्या सांध्यापाशी तिला समोर एकदम तीन तारा भेटल्या. तीन तारा समांतर म्हणजे १२० चा तृतीयांश, ४० ओहम. १२० वरून ४० वर येताना लाटेचा किती भाग परत फिरतो ह्याचे गणित शाळेतल्या अपूर्णांकांचेच आहे: ४० वजा १२०, भागिले ४० अधिक १२०, उत्तर उणे एक-द्वितीयांश. म्हणजे निम्मी लाट उलटी होऊन नियंत्रकाकडे परतली आणि प्रत्येक फाट्यात निम्म्याच उंचीची लाट शिरली.

निम्मी का होईना, पोचली ना, असे कोणी म्हणेल. आम्हीही तसेच म्हणालो होतो. पण पाहा: समजा, तारांमधील फरक उणे २ व्होल्टवरून अधिक २ वर जावयाचा आहे. उडी ४ व्होल्टची. तिची निम्मी २ व्होल्ट, आणि उणे २ मध्ये २ मिळविले की शून्य! फाट्याच्या मध्यभागी असलेल्या दिव्यापुढे खूण येऊन उभी राहते ती नेमकी ‘एक’ही नाही आणि ‘शून्य’ही नाही अशा अवस्थेत. पुढे लाट मोकळ्या टोकावर आपटते, तेथून पूर्ण उंचीने परतते आणि मग कोठे दिव्यास निश्चित खूण मिळते. तोवर सांध्यावरून, नियंत्रकावरून, दुसऱ्या फाट्यांच्या टोकांवरून उठलेले प्रतिध्वनी येऊ लागलेलेच असतात. फाटे हातभर लांबीचे असते तर हा सारा गलका निमिषात विरला असता आणि काही बिघडले नसते. आमचे फाटे तीस-चाळीस मीटरांचे होते. कधी निभावते, कधी नाही, आणि आणखी एक दिवा जोडला की अकस्मात बिनसते, असा ह्या दोषाचा फसवा स्वभाव आहे. बॅटरीच्या चाचणीत तो सापडत नाही, कारण आपण दिव्याकडे पाहीपर्यंत सारे प्रतिध्वनी केव्हाच शांत झालेले असतात.

टोकावरील परतफेड थांबविण्याचा उपाय स्वस्त आहे. तारेच्या अखेरीस दोन तारांमध्ये १२० ओहमचा रोधक बसवावा. लाटेला वाटते की पुढे तारच आहे, आणि ती त्यात जिरून जाते. नरकचतुर्दशीच्या सकाळी आम्ही असे तीन रोधक तिन्ही टोकांना लावले. थरथर कमी झाली, गेली नाही. सांध्यावरील परतफेड तशीच राहिली होती. शिवाय तीन रोधक मिळून पुन्हा ४० ओहमचा भार झाला, आणि नियंत्रकाने सुमारे ५४ ओहमपर्यंतचाच भार पेलावा अशी ह्या पद्धतीतील अपेक्षा आहे.

मग फाटे अजिबात न ठेवता एकच साखळी करून पाहिली. ही शास्त्रशुद्ध रीत होय. प्रत्येक दिव्यास आत येण्याचे व बाहेर जाण्याचे अशी दोन तोंडे असतात. ओटीवरून सज्जा, सज्जातून परत चौकात, चौकातून गच्चीवर, आणि शेवटी एकच रोधक. दिवे तत्काळ शहाण्यासारखे वागू लागले. पण जुन्या वाड्याच्या जिन्यावरून तार तीनदा गेली, फराळाला आलेल्या पाहुण्यांपैकी एकाच्या पायात ती अडकली आणि पुढचे चौदा दिवे स्तब्ध झाले. पाहुणे पडले नाहीत, हे नशीब. मामींनी त्या तारेस जिन्यावर पुन्हा थारा दिला नाही, आणि ते योग्यच होते.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मामांनी सजावटीचे काम करणाऱ्या एका गृहस्थांकडून महिनाभराच्या भाड्याने एक लहानशी पेटी आणली. तिला विभाजक म्हणतात. तिला एक कान आणि चार तोंडे असतात. आलेली लाट ती वाटून देत नाही. आलेली खूण ऐकते आणि तीच खूण आपल्या चार निरनिराळ्या प्रेषकांकडून नव्या, पूर्ण जोराने पुन्हा उच्चारिते. हा विचार नवा नाही. जुन्या तारायंत्रात दूरवरून क्षीण झालेला प्रवाह एका विद्युत्-चुंबकाला केवळ हलवी, आणि तो चुंबक पुढच्या तारेवरील ताज्या बॅटरीची कळ दाबी. लांब पल्ल्याच्या तारा ह्या ‘रिले’वरच चालत. विभाजकात प्रत्येक फाटा ही एक स्वतंत्र तार होते: आरंभी स्वतःचा प्रेषक, अखेरीस स्वतःचा रोधक, मध्ये एकही दुबेळके नाही. एका प्रेषकावर जुन्या हिशेबाने बत्तीसच ग्राहक जोडता येतात, तीही मर्यादा आता प्रत्येक फाट्याला निराळी मिळते.

ह्या पेटीत आणखी एक गुण होता, आणि आमच्या मते तोच अधिक मोलाचा. गच्चीवरील दिव्यांची वीज वरच्या बिऱ्हाडाच्या मीटरवरून येत असे. दोन ठिकाणच्या ‘जमिनी’ नेहमी एकाच दाबावर असतात असे नाही. त्या संदेशाच्या तारेने जोडल्या गेल्या की तिच्यातून नको तो प्रवाह वाहू लागतो, आणि एखादे दिवशी नियंत्रकाचा बळी जातो. चांगल्या विभाजकात कान व तोंडे ह्यांच्यामध्ये तारेचा संबंधच नसतो. एका बाजूस कणभर दिवा लुकलुकतो, दुसऱ्या बाजूचा प्रकाशग्राही घटक ते पाहतो, आणि संदेश मधली फट प्रकाशाच्या रूपाने ओलांडतो. दिव्यांना द्यावयाची आज्ञा वाटेत स्वतःच क्षणभर दिवा होऊन जाते, ह्याची आम्हांस मोठी मौज वाटली. अर्थात २३० व्होल्टची बाजू आम्ही जाणत्या वायरमनकडूनच जोडून घेतली. मुलांनी तेथे हात घालू नये.

हल्ली बाजारात मिळणाऱ्या मण्यांच्या माळांचा न्याय मात्र वेगळा आहे. तेथे प्रत्येक मणी आलेल्या संदेशातील आपल्या पहिल्या २४ खुणा काढून घेतो आणि उरलेल्या ताज्या करून पुढे ढकलतो. त्या तारेला फाटा फोडल्यास दोन्ही माळा एकमेकींची नक्कल करू लागतात.

संध्याकाळी पूजा आटोपली. सज्जातून केशरी रंग निघाला, चौकातून फिरून गच्चीवर चढला आणि तेथून निळा होऊन खाली उतरला; कोठेही थरथर नाही. खालून सोनारकाका दुकान तसेच टाकून रस्त्याच्या मध्यभागी येऊन उभे राहिले. मामांनी त्यांना वर बोलाविले, फराळ दिला आणि तो तिहेरी सांधा त्यांच्या हाती ठेवून सांगितले, “काका, सांधा निर्दोष होता.” काकांनी तो उजेडाकडे धरून पाहिला आणि खिशात घातला.

विभाजकाचे चौथे तोंड रिकामे होते. तुळशीच्या लग्नास वृंदावनापर्यंत तार न्यावयाची, असे मामींनी त्याच वेळी ठरवून टाकले.