सूत्र, वार्तिक आणि मॅन्युअलचे पान

संगणकाच्या व्यवहारात लेखनाचा एक असा प्रकार आहे, की ज्याची गणना वाङ्मयात कोणी करीत नाही; परंतु ज्यातील एका संदिग्ध वाक्यामुळे एखाद्या संस्थेचे सारे दळणवळण क्षणात बंद पडू शकते. युनिक्स आणि तिच्या धर्तीवर घडलेली लिनक्स ह्या कार्यप्रणालींबरोबर येणारे मॅन्युअल, म्हणजेच ज्यांना व्यवहारात ‘मॅन पेज’ म्हणतात ती पाने, हा तो प्रकार होय. ही पाने कोणी आवडीने वाचीत नाही. काही अडल्यावर, बहुधा रात्री-अपरात्री आणि घाईत, ती उघडली जातात. वाचकाच्या ह्या मनःस्थितीचा विचार केल्यावाचून अशा लेखनाच्या गुणदोषांची चर्चा करणे व्यर्थ आहे. नेटवर्कची मांडणी करणारी लिनक्सवरील ‘आयपी’ ही आज्ञा उदाहरणादाखल घेऊन, असे पान सुधारणे म्हणजे नेमके काय करणे, हे पाहण्यासारखे आहे.

१

ह्या लेखनप्रकाराची परंपरा फार जुनी नसली, तरी तिचे संकेत पक्के आहेत. केन टॉमसन व डेनिस रिची ह्यांनी बेल प्रयोगशाळेत सिद्ध केलेल्या युनिक्सच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ ची आहे. प्रत्येक आज्ञेस स्वतंत्र पान, पानाच्या आरंभी नाव, मग वापराचा सारांश, मग वर्णन, आणि शेवटाकडे ‘दोष’ अशा शीर्षकाचा एक परिच्छेद, ही मांडणी त्या आवृत्तीपासूनच दिसते. आपल्याच कृतीतील उणीव त्याच पानावर मोकळेपणाने नोंदवावी, हा संकेत ह्या परंपरेचे भूषण मानला पाहिजे.

सारांशाची स्वतःची एक लिपी आहे. ठळक अक्षरांतील शब्द जसाच्या तसा लिहावयाचा. तिरप्या अक्षरांतील शब्दाच्या जागी आपली किंमत घालावयाची. चौकटी कंसातील भाग ऐच्छिक. उभी रेघ म्हणजे विकल्प. तीन टिंबे म्हणजे पुनरुक्तीची मुभा. एवढ्या चिन्हांच्या बळावर शेकडो संभाव्य वाक्ये दोन-चार ओळींत मावतात. पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत एका भाषेचे व्याकरण बसविले. त्या परंपरेशी परिचय असलेल्या वाचकास हा सारांश पाहून सूत्राची आठवण झाल्यास नवल नाही. मात्र सूत्रवाङ्मयाने एक गोष्ट आरंभापासून जाणली होती. सूत्र जितके आखूड, तितकी त्यास वार्तिकाची व भाष्याची गरज अधिक. कात्यायनावाचून आणि पतंजलीवाचून पाणिनी अभ्यासकास फारसा साध्य झाला नसता.

२

यंत्राचा नेटवर्कमधील पत्ता ठरविण्यासाठी प्रारंभी ‘इफकॉन्फिग’ नावाची आज्ञा वापरीत. बर्कली विद्यापीठातील युनिक्सच्या १९८३ च्या आवृत्तीबरोबर ती प्रसृत झाली आणि पुढे तिचे एक रूप लिनक्सवरही आले. १९९९ च्या जानेवारीत लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, २.२ ही आवृत्ती आली. त्या सुमारास ॲलेक्सी कुझ्नेत्सोव्ह ह्यांनी रचलेला ‘आयपीराउट-टू’ हा साधनसंच पुढे आला आणि त्यात ‘आयपी’ ही आज्ञा होती. पत्ता, इंटरफेस, मार्ग, शेजारी यंत्रे, बोगदे अशा अनेक विषयांचा कारभार तिने एका छत्राखाली आणला. त्याच वर्षी कुझ्नेत्सोव्ह ह्यांनी तिची सविस्तर संदर्भपुस्तिका लिहिली. डेबियनच्या २०१७ मधील आवृत्तीपासून जुनी साधने आपोआप बसविली जाईनाशी झाली. तेव्हा ज्यांनी आयुष्यभर ‘इफकॉन्फिग’ वापरले, त्यांनाही नव्या आज्ञेचे पान उघडणे भाग पडले.

ह्या पानाचे आरंभीचे रूप एकसंध होते. पुढे विषय वाढत गेले, तसे त्याचे विभाजन होऊन पत्ता, इंटरफेस, मार्ग इत्यादींची स्वतंत्र पाने झाली. विभाजन योग्यच होते. पण त्याची एक किंमत असते. व्याकरणशास्त्रात ‘अनुवृत्ती’ नावाची सोय आहे. मागील सूत्रातील पद पुढील सूत्रात पुन्हा न उच्चारता गृहीत धरले जाते. एकसंध पानात अशी अनुवृत्ती सहज चालते. पहिल्या भागात दिलेली संज्ञेची व्याख्या दहाव्या भागात वाचकास ठाऊक असते. पान तोडले की हा धागा तुटतो. ‘वर सांगितल्याप्रमाणे’ किंवा ‘पुढे येणाऱ्या आज्ञा’ असे शब्द निराधार होतात. म्हणून विभाजित पानांच्या सुधारणेतील पहिले काम म्हणजे प्रत्येक पान एकट्याने वाचून पाहणे. मार्गाचे पान उघडणाऱ्याने पत्त्याचे पान वाचलेले असेलच, असे धरून चालता येत नाही.

३

वार्तिकाचे कार्य सांगताना आपल्या परंपरेने तीन शब्द वापरले आहेत : उक्त, अनुक्त आणि दुरुक्त. जे सांगितले आहे, जे सांगावयाचे राहिले आहे आणि जे चुकीचे किंवा वाईट रीतीने सांगितले आहे, त्या तिहींचा विचार म्हणजे वार्तिक. मॅन्युअलच्या सुधारणेस ह्याहून नेटका आराखडा शोधूनही सापडणार नाही.

प्रथम अनुक्ताचा विचार करू. आयपी आज्ञेने इंटरफेसला पत्ता देताना पत्त्यापुढे तिरकी रेघ काढून एक आकडा लिहितात. पत्त्याचे आरंभीचे किती बिट नेटवर्कचे, म्हणजे प्रिफिक्सची लांबी किती, हे त्यातून कळते. १९२.०.२.५/२४ असे लिहिले, तर पहिले २४ बिट नेटवर्कचे. आता हा आकडा ‘लिहिता येतो’ एवढेच पानाने सांगितले, तर वाचक काय समजेल? लिहिला नाही तरी चालते, असेच. चालते हे खरे. आज्ञा निमूट स्वीकारली जाते, कोणताही दोष दाखविला जात नाही. परंतु आकडा नसल्यास आयपी तो ३२ धरते. म्हणजे त्या नेटवर्कात हे यंत्र एकटेच. पत्ता दिसतो, इंटरफेस चालू दिसतो, आणि शेजारच्या टेबलावरील यंत्राशीही बोलता येत नाही. जुन्या इफकॉन्फिगमध्ये मुखवटा न दिल्यास तो पत्त्याच्या वर्गावरून ठरे, आणि तिच्या पानावर तसे नमूद केलेले असे. १९९३ नंतर वर्गांची ती व्यवस्था मागे पडली. पण वापरणाऱ्यांच्या हातांची सवय तशी लवकर सुटत नाही. ‘आकडा न दिल्यास ३२ धरला जातो’ हे एक वाक्य म्हणूनच मोलाचे आहे. ‘ऐच्छिक’ असे जेथे जेथे म्हटले असेल, तेथे तेथे ‘न दिल्यास काय होते’ हे सांगितलेच पाहिजे, असा नियम ह्यातून निघतो.

अनुक्ताचे दुसरे उदाहरण परिणामांचे आहे. एखादा इंटरफेस बंद करून लगेच सुरू केला, तर सारे पूर्ववत् होईल, असे सामान्य बुद्धीस वाटते. वस्तुतः इंटरफेस बंद होताच त्यावरून जाणारे मार्ग कर्नल काढून टाकतो. पुन्हा सुरू केल्यावर स्थानिक नेटवर्कचा मार्ग परत येतो. परंतु हाताने घातलेला, गेटवेमधून बाहेर जाणारा मार्ग परत येत नाही. आवृत्ती सहाचे हाताने दिलेले पत्तेही, वेगळी सोय केलेली नसल्यास, नाहीसे होतात. यंत्र समोर असेल, तर हे निस्तरता येते. पण यंत्र दुसऱ्या गावी असेल आणि त्याच इंटरफेसमधून त्याच्याशी संपर्क चालू असेल, तर आज्ञा देणारा स्वतः बसलेली फांदीच तोडीत असतो. दुरुस्तीची आज्ञा ज्या वाटेने पाठवावयाची, ती वाटच उरत नाही. हा परिणाम आज्ञेच्या वर्णनापूर्वी सांगावयास हवा, नंतर नव्हे. कारण घाईतील वाचक आज्ञा सापडताच वाचन थांबवितो.

तिसरी राहून जाणारी गोष्ट कालमर्यादेची. आयपीने केलेले बदल कर्नलच्या स्मृतीत राहतात. यंत्र पुन्हा सुरू केले की ते उरत नाहीत. ते कायम राखण्याचे काम नेटवर्कमॅनेजर, सिस्टमडी-नेटवर्कडी यांसारख्या अन्य व्यवस्थांकडे असते. पानाच्या शेवटी ‘हेही पाहा’ ह्या सदरात त्यांचा केवळ उल्लेख करणे पुरेसे नाही. बदल तात्पुरता आहे, हे वर्णनातच आले पाहिजे.

दुरुक्ताचा नमुना दोषसूचनांत सापडतो. आधीच अस्तित्वात असलेला मार्ग पुन्हा घालू पाहिल्यास ‘फाइल अस्तित्वात आहे’ अशा अर्थाचे उत्तर मिळते. येथे फाइलचा काहीच संबंध नसतो. ‘ही वस्तू आधीपासून आहे’ हा कर्नलचा सर्वसाधारण संकेत युनिक्सच्या जुन्या प्रघातानुसार फाइलच्या भाषेत उच्चारला जातो, इतकेच. नवखा वाचक मात्र ती फाइल शोधीत बसतो. सूचनेचे शब्द बदलणे हे मॅन्युअल लिहिणाऱ्याच्या हाती नसते. त्यांचा अर्थ सांगणे हाती असते. आज्ञा संपताना यंत्रास मिळणाऱ्या अंकांचे जसे स्पष्टीकरण पानावर असते, म्हणजे शून्य हे यशाचे, एक हे वाक्यरचनेच्या चुकीचे आणि दोन हे कर्नलने दिलेल्या नकाराचे, तसेच माणसास दिसणाऱ्या शब्दांचेही असावे.

उरले उक्त. जे चांगले सांगितले आहे, ते ओळखून जपणे हेही सुधारणेचेच अंग आहे. सर्व पत्ते एकदम पुसणाऱ्या ‘फ्लश’ ह्या आज्ञेविषयी कुझ्नेत्सोव्ह ह्यांच्या पुस्तिकेत एक इशारा होता. ही आज्ञा चुकीस क्षमा करीत नाही, ती निर्दयपणे सर्व पुसून टाकते, असा त्याचा आशय. तो पुढे मॅन्युअलच्या पानातही आला. कोरड्या वर्णनाच्या ओघात हा एकच भाववाचक शब्द वाचकास थबकवितो. ‘शैली अनौपचारिक आहे’ म्हणून तो काढणारा संपादक नियमांचा जाणकार असेल, वाचकाचा नव्हे.

४

वार्तिकानंतर उदाहरण. सारांशाची लिपी सर्वांस अवगत नसते. ज्यांस अवगत असते, तेही उदाहरणाकडे आधी वळतात. म्हणून उदाहरण जसेच्या तसे उतरवून घेतले जाणार, हे धरूनच ते लिहावे. त्यात कोणाचा खरा पत्ता येता कामा नये. ह्यासाठी इंटरनेटच्या मानकांनी काही पत्ते लेखनापुरते राखून ठेवले आहेत : २०१० च्या एका मानकपत्रानुसार १९२.०.२.०/२४, १९८.५१.१००.०/२४ व २०३.०.११३.०/२४, आणि आवृत्ती सहासाठी २००४ पासून २००१:डीबी८ ने सुरू होणारा पट्टा. आयपी आज्ञेत ‘ॲड्रेस’ऐवजी नुसते ‘ए’ लिहिले तरी चालते. परंतु उदाहरणात पूर्ण शब्दच असावा. संक्षेप हा जाणत्याच्या हाताचा विसावा आहे, शिकणाऱ्याच्या डोळ्यांस तो अडसर होतो.

पानाच्या छपाईतही एक सापळा आहे. ही पाने ‘रॉफ’ ह्या जुन्या अक्षरजुळणीच्या भाषेत लिहितात. तिच्यात साधी आडवी रेघ ही शब्द जोडणारी रेघ समजली जाऊ शकते आणि पडद्यावर वेगळेच चिन्ह उमटते. दिसावयास दोन्ही सारखीच. पण उतरवून घेतलेली आज्ञा मात्र चालत नाही. आज्ञेतील रेघेपूर्वी उलटी तिरकी रेघ घालणे, हा त्यावरील उपाय.

लिहिलेले प्रत्येक उदाहरण चालवून पाहावे, हे सांगणे सोपे; परंतु चालू नेटवर्कवर ते चालविणे हा वेडेपणा ठरेल. ह्यावरील तोड खुद्द आयपीतच आहे. तिच्या ‘नेटएनएस’ ह्या विभागाने यंत्राच्या आत एक वेगळे नेटवर्क-विश्व उभे करता येते. त्याचे पत्ते, इंटरफेस व मार्ग स्वतंत्र असतात. प्रयोग संपल्यावर ते मोडून टाकले, की मूळ व्यवस्थेस धक्का लागत नाही. मॅन्युअलचा लेखक आपले वाक्य तेथे पडताळून पाहू शकतो, आणि वाचकासही ही वाट दाखवू शकतो.

५

आयपीची पाने तिच्या मूळ संहितेबरोबरच एका भांडारात ठेवलेली असतात. त्यामुळे आज्ञेत बदल करणाऱ्याने त्याच वेळी पानही बदलावे, अशी अपेक्षा ठेवता येते. प्रत्यक्षात आज्ञा लिहिणाऱ्यास तिचे वर्तन इतके परिचित असते, की त्यातील काय सांगावयास हवे, हेच त्यास सुचत नाही. उणीव दिसते ती बाहेरून आलेल्यास, अडखळलेल्यास. एका वाक्याची दुरुस्तीही रीतसर पाठविता येते व तपासून स्वीकारली जाते. तेव्हा अडखळण्याचा अनुभव ताजा असतानाच ते वाक्य लिहिणे श्रेयस्कर.

भारतातील वाचकांच्या दृष्टीने ह्यास आणखी एक बाजू आहे. येथील अनेक तंत्रज्ञांस ही पाने दुसऱ्या किंवा तिसऱ्या भाषेतून वाचावी लागतात. ‘मे’ आणि ‘मस्ट’ ह्या दोन इंग्रजी क्रियापदांतील अंतर ज्यास सहज जाणवत नाही, त्याच्यासाठी अनुक्त हे दुप्पट अनुक्त असते. मॅन्युअलच्या यंत्रणेत प्रत्येक भाषेच्या पानांसाठी स्वतंत्र जागा ठेवण्याची सोय आहे, आणि वाचकाने निवडलेल्या भाषेचे पान तेथे असल्यास तेच प्रथम उघडते. परंतु भाषांतराने मूळातील संदिग्धता नाहीशी होत नाही. भाषांतरकारास एक अर्थ निवडावाच लागतो, आणि निवड चुकल्यास संदिग्ध वाक्याचे असत्य वाक्य होते. तेव्हा आधी मूळ स्वच्छ करणे अगत्याचे.

चांगल्या पानाची कसोटी अखेर साधी आहे. ज्याने ते लिहिले, तो विचारण्यास जवळ नाही. ज्यास ते हवे आहे, त्यास थांबण्यास वेळ नाही. आणि यंत्र चुकीची आज्ञाही बरोबर आज्ञेइतक्याच तत्परतेने पाळते. ह्या तिघांच्या मध्ये उभे असते ते एक वाक्य. ते पुरेसे असेल, तर दूरगावचे यंत्र बोलत राहते.