एकाच फॉस्फेटची दुहेरी आज्ञा

ग्लुकोजचे हजारो रेणू फांद्याफांद्यांनी जोडून तयार झालेले ग्लायकोजेन प्रामुख्याने यकृतात आणि स्नायूंत साठवले जाते. हा साठा फोडणारे विकर, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारे प्रथिन, फॉस्फोरिलेज होय आणि साठा बांधणारे विकर ग्लायकोजेन सिंथेज. दोन्ही एकाच पेशीत असल्याने ती एकाच वेळी जोमाने चालली, तर बांधलेले लगेच फुटत राहून पेशीची ऊर्जा वाया जाईल.

फॉस्फोरिलेजचे क्रियाशील ‘ए’ आणि एरवी सुस्त ‘बी’ हे दोन प्रकार कार्ल व गर्टी कोरी या दांपत्याने ओळखले होते. त्यांतील फरकाचा उलगडा मात्र सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांनी 1955 च्या सुमारास केला. सशाच्या स्नायूंचा अर्क गाळणकागदातून गाळला की ‘ए’ मिळे, न गाळता घेतला की ‘बी’च हाती लागे, आणि याचे कारण निघाले कागदातून अर्कात उतरणारे कॅल्शियम. कॅल्शियममुळे फॉस्फोरिलेज कायनेज हे तिसरे विकर कामाला लागते व एटीपी या ऊर्जावाहक रेणूवरचा फॉस्फेट गट फॉस्फोरिलेजच्या साखळीतील चौदाव्या जागेवरील सेरीन या अमिनो आम्लाला जोडते. स्नायू आकुंचन पावतो तोही पेशीत सुटलेल्या कॅल्शियममुळेच. म्हणजे हालचालीचा आणि इंधन मोकळे करण्याचा हुकूम एकच, आणि याहून नेटकी व्यवस्था कल्पिणे कठीण आहे. या शोधासाठी दोघांना 1992 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

अॅड्रेनॅलिन हे संप्रेरक हेच काम चक्रीय एएमपी या निरोप्या रेणूमार्फत करवते, आणि त्यातून जागी होणारी विकरे सिंथेजवरही फॉस्फेट बसवतात. फरक इतकाच, की ज्या फॉस्फेटने फॉस्फोरिलेज चालू होते त्यानेच सिंथेज मंदावते.

यकृताची जबाबदारी रक्तातील साखर सांभाळण्याची असल्याने तेथील फॉस्फोरिलेज ‘ए’ स्वतःच ग्लुकोजची चाहूल घेते. जेवणानंतर ग्लुकोजचा रेणू त्याला चिकटला, की त्याचा आकार किंचित बदलून फॉस्फेट उघडा पडतो व फॉस्फेटेज हे विकर तो काढून टाकते. ‘ए’ पुरेसे शिल्लक असेपर्यंत सिंथेजवरील फॉस्फेट काढण्याचे काम मात्र अडवलेले असते, म्हणून यकृतात साठ्याची फोड बऱ्याच अंशी थांबल्यावरच बांधणीला वेग येतो.