'बरे आहे' या उत्तराचा अर्थ : मूलपेशी-प्रत्यारोपणानंतरचे जीवन आणि मराठी भाषा

भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा-प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयात झाले. पुढे ही चिकित्सा विस्तारत गेली. रुग्ण जगला किंवा नाही, एवढाच प्रश्न आता पुरेसा ठरत नाही. तो कसा जगतो, हेही त्याला विचारावे लागते. विचारणे हे भाषेचे कार्य असल्यामुळे येथे वैद्यकाची सीमा भाषाशास्त्राला येऊन भिडते.

प्रत्यारोपणापूर्वी तीव्र औषधांनी रुग्णाची मज्जा बहुधा नष्टप्राय केली जाते. नंतर शिरेवाटे दिलेल्या मूलपेशी साधारणतः दोन ते चार आठवड्यांत रुजतात. तोवर जंतुसंसर्गाच्या भयाने त्याला आप्तांपासून बव्हंशी अलग राहावे लागते. घरी परतल्यावरही थकवा, निद्रानाश आणि व्याधी उलटण्याची धास्ती अनेकांची पाठ सोडीत नाहीत. रक्ताचे आकडे समाधानकारक असूनही मन खचलेले असू शकते.

ही अवस्था मोजण्यासाठी प्रश्नावल्या योजतात. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या, कर्करोग-संशोधनातील एका सुपरिचित युरोपीय प्रश्नावलीत तीस प्रश्न आहेत. त्यांपैकी ताण, चिंता, चिडचिड व खिन्नता यांविषयीचे चार प्रश्न भावनिक स्थितीचे, तर विश्रांतीची गरज, अशक्तपणा व दमणूक यांविषयीचे तीन प्रश्न थकव्याचे गणले जातात. तिचा मराठी अनुवादही झालेला आहे.

तथापि, मन आणि शरीर यांची ही विभागणी मराठी वाक्प्रचार पाळीत नाहीत. 'हातपाय गळाले', 'पोटात गोळा आला', 'अन्न गोड लागत नाही' ही भावना व्यक्त करण्याचीच रूपे होत. निरोगी माणसाच्या बोलण्यात संदर्भाने अर्थ ठरतो. प्रत्यारोपित रुग्णाच्या बाबतीत मात्र हातपाय खरोखरच गळालेले असतात आणि औषधांमुळे जिभेची चवही खरोखरच गेलेली असते. परिणामी निराशेचे विधान थकव्याच्या रकान्यात जाते आणि मानसोपचाराची गरज अदृश्य राहते.

'बरे' हा शब्द याहूनही फसवा आहे. व्याधिमुक्तीपासून 'कसेबसे चालले आहे' येथपर्यंत त्याची अर्थव्याप्ती पसरलेली आहे. शिवाय 'बरे आहे' हे शिष्टाचाराचे उत्तर होय. मूलपेशी पुष्कळदा सख्ख्या भावंडाने दिलेल्या असतात. घरच्यांनी शुश्रूषा केलेली असते. त्यांच्यादेखत 'बरे वाटत नाही' म्हणणे रुग्णाला कृतघ्नपणाचे वाटण्याचा संभव असतो.

अनुवादाची पारख करण्यासाठी तो मूळ भाषेत उलट अनुवादून पाहण्याची रीत आहे. तिने प्रश्नाचा अर्थ तपासला जातो. उत्तराचा तपासला जात नाही. म्हणून रुग्णाशी एकांतात बोलावे, आकड्याशेजारी त्याचे वाक्य जसेच्या तसे नोंदवावे आणि 'म्हणजे नेमके काय होते?' असे पुन्हा विचारावे. किंबहुना, या दुसऱ्या प्रश्नापाशीच खरी विचारपूस सुरू होते.