‘वाय’च्या जागी ‘ई’

१९६७ साली टेरी क्वर्क या चित्रकाराने ‘ओडिसी अँड ओरॅकल’ या ध्वनिमुद्रिकेचं वेष्टन रंगवलं. भडक रंग, वेलांट्या घेत जाणारी अक्षरं, सगळं त्या वर्षाला साजेसं. फक्त ‘ओडिसी’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘वाय’च्या जागी ‘ई’ पडला. लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. मग बँडचा कीबोर्डवादक रॉड अर्जेंटने ठोकून दिलं की हे मुद्दाम केलंय, ‘ओड’ म्हणजे स्तोत्र या शब्दावरची ती कोटी आहे. मंडळींनी बराच काळ यावर विश्वास ठेवला. साधी चूक होती, हे पुढे त्यानेच कबूल केलं.

द झॉम्बीज हे या बँडचं नाव. नावावरून वाटतो तसा भयंकरपणा या पाच जणांत औषधालाही नव्हता. लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशर परगण्यात सेंट ऑल्बन्स नावाचं कॅथीड्रलचं गाव आहे, तिथली ही शाळकरी पोरं. अर्जेंट त्या कॅथीड्रलच्या गायकवृंदात वाढलेला. १९६४ मध्ये त्यांनी बीट बँडची एक स्पर्धा जिंकली, २५० पौंडांचं बक्षीस मिळालं आणि डेका कंपनीने करार केला. ‘शी इज नॉट देअर’ हे पहिलंच गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. त्यानंतर ‘टेल हर नो’ सहाव्यावर. मग मात्र उतार लागला आणि तो थांबेना.

१९६७ उजाडेपर्यंत त्यांना कळून चुकलं होतं की गाडं फार दिवस चालणार नाही. अर्जेंट आणि बास वाजवणारा ख्रिस व्हाइट यांची एकच इच्छा होती: मोडायचं तर मोडू, पण त्याआधी एक रेकॉर्ड आपल्या मनासारखी, आपणच निर्माते होऊन करू. सीबीएस या रेकॉर्ड कंपनीने १००० पौंड दिले. एवढ्याशा पैशात त्यांनी ॲबी रोडचा स्टुडिओ घेतला. ईएमआयच्या या स्टुडिओत परक्या कंपनीच्या बँडला जागा मिळणं तेव्हा दुर्मीळच. जूनमध्ये ते आत शिरले तेव्हा बीटल्सची ‘सार्जंट पेपर’ नुकतीच बाजारात आली होती. जेफ एमेरिक हा तिथलाच ध्वनिमुद्रक यांच्याही वाट्याला आला.

आणखी एक गोष्ट वाट्याला आली, मेलोट्रॉन. जॉन लेननने स्टुडिओत ठेवलेलं ते वाद्य आपण बिनदिक्कत वापरलं, असं अर्जेंट सांगतो. दिसायला ही पेटीच, पण प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एकेक तुकडा. पट्टी दाबली की आधी मुद्रित केलेलं व्हायोलिन किंवा बासरी वाजते, जेमतेम आठ सेकंद. फीत संपली की सूर संपला, बोट उचलावंच लागतं. ज्यांना वाद्यवृंद परवडत नाही त्यांचा हा वाद्यवृंद. सूर किंचित थरथरतो, जुन्या नभोवाणीवरून येतो तसा. ‘चेंजेस’ किंवा ‘हंग अप ऑन अ ड्रीम’ ऐकताना तो थरथराट कानात राहतो. याला ‘सायकेडेलिक’ म्हणून मोकळं होणारे समीक्षक मला आळशी वाटतात. या तबकडीत नशा नाही, काटकसर आहे. गाणी घरून पक्की बसवून आणायची, मोजक्या तासांत मुद्रित करायची आणि स्टुडिओचं भाडं वाढायच्या आत बाहेर पडायचं.

गाण्यांचे विषयही बघा. पहिल्याच गाण्यात उन्हासारखी हसरी चाल, आणि नायक वाट पाहतोय ती तुरुंगातून सुटणाऱ्या प्रेयसीची. ‘अ रोझ फॉर एमिली’चं नाव विल्यम फॉकनरच्या कथेवरून घेतलेलं. ‘बीचवूड पार्क’ हे व्हाइटच्या मार्कयेट गावाजवळचं खरंखुरं ठिकाण. त्याच्याच ‘बुचर्स टेल’मध्ये पहिल्या महायुद्धाच्या खंदकात सापडलेला एक खाटीक बोलतो. हे गाणं बँडचा गायक कॉलिन ब्लनस्टोन याच्या रेशमी गळ्याला दिलं नाही. व्हाइट स्वतः गायला, काहीशा कापऱ्या आवाजात, आणि साथीला भाता पायाने मारायचा ऑर्गन. आपल्या संगीत नाटकात पदांच्या साथीला असायची ती पायपेटी याच जातीची. तिची धाप लागल्यासारखी सुरावट ज्यांनी रंगमंदिरात ऐकली आहे, त्यांना हे गाणं समजावून सांगावं लागणार नाही.

ब्लनस्टोनचं आणि अर्जेंटचं वाजलं ते ‘टाइम ऑफ द सीझन’वर. गाणं अगदी ताजं, चाल अजून गळ्यावर चढलेली नाही, आणि अर्जेंट सारखा दुरुस्त्या सुचवतोय. शेवटी ब्लनस्टोन वैतागला आणि त्याने अर्जेंटलाच माइकसमोर यायला सांगितलं. अर्जेंट हटला नाही आणि ब्लनस्टोनही गेला नाही. तुम्ही आज ऐकता तो इतका निवांत, रेलून गायल्यासारखा आवाज चिडलेल्या माणसाचा आहे.

मोनो मिश्रण झालं आणि सीबीएसने स्टीरिओ मागितलं. पैसे संपलेले. अर्जेंट आणि व्हाइट यांनी गीतांच्या मानधनातून २०० पौंड घातले. त्यातही ‘धिस विल बी अवर इयर’ची ब्रास वाद्यं थेट मोनो मिश्रणावरच वाजवून घेतली होती, त्यामुळे त्याचं खरं स्टीरिओ करताच येईना. मोनोलाच यांत्रिक करामतीने फुगवून वेळ मारून नेली.

डिसेंबर १९६७ मध्ये बँड मोडला. भांडण नव्हतं, हिशेब होता: गाणी लिहिणाऱ्या दोघांना मानधन मिळे, उरलेल्या तिघांच्या खिशात काही नव्हतं. एप्रिल १९६८ मध्ये रेकॉर्ड निघाली तेव्हा ब्लनस्टोन विमा कंपनीच्या कचेरीत फायली हाताळत होता. इंग्लंडमध्ये तिची कोणी दखल घेतली नाही.

अमेरिकेत ती निघालीच नसती. अल कूपर हा सीबीएसच्याच अमेरिकी कंपनीचा, म्हणजे कोलंबियाचा, नवा निर्माता लंडनहून रेकॉर्डचा गठ्ठा घेऊन परतला आणि त्यातली हीच त्याच्या मनात भरली. त्याने वरिष्ठांच्या मागे लागून ती काढायला लावली. कंपनीचं डोकं बघा: व्हिएतनामचा काळ म्हणून आधी ‘बुचर्स टेल’ एकेरी तबकडी म्हणून काढली. अर्थातच पडली. मग ‘टाइम ऑफ द सीझन’ निघालं आणि मार्च १९६९ मध्ये बिलबोर्डवर तिसऱ्या क्रमांकावर पोचलं.

मागणी आली, पण बँड कुठे होता? ती उणीव इतरांनी भरून काढली. झॉम्बीजच्या नावाने खोटे संच अमेरिकाभर कार्यक्रम करू लागले. पुणेरी दुकानावरची ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी खरी गरजेची होती ती इथे. टेक्सासच्या अशाच एका तोतया संचात डस्टी हिल आणि फ्रँक बिअर्ड होते, पुढे झेडझेड टॉप या बँडमुळे जगभर गाजलेले. म्हणजे तोतयेही साधेसुधे नव्हते. खऱ्यांनी मात्र पैसा समोर दिसत असून एकत्र यायला नकार दिला. अर्जेंट आणि व्हाइट स्वतःच्या नव्या बँडच्या उभारणीत होते आणि त्यांना मागे फिरायचं नव्हतं.

मार्च २००८ मध्ये लंडनच्या शेपर्ड्स बुश एम्पायरमध्ये हयात असलेले चौघे ही रेकॉर्ड पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत वाजवायला उभे राहिले. गिटारवादक पॉल ॲटकिन्सन २००४ मध्येच गेला होता. स्टुडिओत अर्जेंटने थरावर थर चढवून केलेले सूर दोन हातांनी एकदम वाजेनात, म्हणून अमेरिकन संगीतकार ब्रायन विल्सनच्या संचातला डॅरियन सहानाजा दुसऱ्या कीबोर्डवर बसला. बँड आधीच मोडल्यामुळे यातली बरीचशी गाणी त्यांनी लोकांसमोर कधी गायलीच नव्हती. गाणी चाळिशीची, प्रयोग मात्र शुभारंभाचा.