काल्पनिक संख्या, खरा करंट

परवा आमची लेक डायनिंग टेबलावर गणिताची वही पसरून बसली होती. एकदम म्हणाली, "बाबा, उणे एकचं वर्गमूळ म्हणे काल्पनिक! जे नाहीच, त्याचा गुणाकार कशाला?" "इंजिनिअर झालीस की कळेल" असं म्हणून सुटता आलं असतं, पण आमच्या मास्तरांनीही आम्हाला तेच सांगितलं होतं. म्हणून तिचीच पेन्सिल घेतली.

एसी करंट इथे अमेरिकेत सेकंदाला ६० वेळा हेलकावतो, भारतात ५० वेळा. वाटेत तारेची कॉइल असली (मिक्सरच्या मोटरमध्ये असते तशी) की करंट व्होल्टेजच्या मागे पडतो. नुसती कॉइलच असेल तर बरोबर पाव फेरी. तेव्हा 'किती' एवढं सांगून भागत नाही, 'किती मागे-पुढे' तेही सांगावं लागतं. ही पाव फेरी म्हणजेच आपली काल्पनिक संख्या. गणितात तिला 'आय' म्हणतात, पण इंजिनिअर 'आय' करंटसाठी वापरतात, म्हणून त्यांचा 'जे'. दोन पाव फेऱ्या केल्या की तोंड उलट दिशेला. म्हणून जे गुणिले जे उणे एक.

मग उदाहरण घातलं. कॉइलचा एकूण अडथळा, म्हणजे इंपीडन्स, ३ + ४जे ओहम. करंट ८ − ६जे अँपिअर. दोहोंचा गुणाकार म्हणजे व्होल्टेज. लेकीने भराभर लिहिलं: २४ + ३२जे − १८जे − २४. उत्तर १४जे, म्हणजे १४ व्होल्ट!

"शेवटच्या पदात जे दोनदा आला ना? त्याचे उणे एक कुठे गेले?"

जीभ चावून तिने उणे २४ चे अधिक २४ केले. उत्तर ४८ + १४जे. पायथागोरस लावला, ५० व्होल्ट. पडताळाही जमला: करंट १०, इंपीडन्स ५, गुणाकार ५०. कोनांची मात्र बेरीज होते: करंट ३७ अंश मागे, इंपीडन्सचे ५३ अंश पुढे, म्हणून व्होल्टेज १६ अंश पुढे. एका चिन्हापायी ५० चे १४ झाले होते. वहीत मार्क जातात, कारखान्यात मोटर जाते!

ही रीत इंजिनिअरांच्या अंगवळणी पाडली चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी. तेही आपल्यासारखेच बाहेरून आलेले. जन्म १८६५, ब्रेस्लाऊचा. समाजवादी लिखाणामुळे त्यांना जर्मनी सोडावी लागली. १८८९ साली न्यूयॉर्कला उतरले तेव्हा पाठीला कुबड, खिसा रिकामा, इंग्रजी बेताचं. अधिकारी परत पाठवायच्या बेतात होते. बरोबरच्या मित्राने हमी दिली म्हणून आत आले. चारच वर्षांनी, १८९३ मध्ये, शिकागोच्या विद्युत परिषदेत त्यांनी ही पद्धत मांडली. कॅल्क्युलसची किचकट समीकरणं सोडवण्याऐवजी शाळेतल्या बीजगणितावर काम भागू लागलं.

"म्हणजे त्यांना परत पाठवलं असतं तर हा होमवर्क नसता?" लेकीचा प्रश्न.

"असता. पण फार लांबलचक!"

तेव्हा मंडळी, तुमच्या घरी हा प्रश्न आला तर "पुढे कळेल" म्हणू नका. पेन्सिल घ्या आणि पाव फेरी काढून दाखवा.