साहेबांची चोरी 'आजार', गरिबाची चोरी 'गुन्हा'?

मॉलमध्ये एखाद्या डॉक्टरीणबाई पर्समध्ये लिपस्टिक सरकवताना पकडल्या गेल्या की लोक लगेच म्हणतात, "अहो, तो आजार असतो. क्लेप्टोमेनिया!" त्याच दारातून हमालाचा पोरगा बिस्किटाचा पुडा घेऊन पळाला तर त्याला आजार नसतो, त्याला मार असतो. वर्गात कंपासपेटी हरवली की पहिला संशय कोणत्या बाकाकडे जातो, हे आम्ही शिक्षकांनी पाहिलेलं आहे. म्हणून या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा.

क्लेप्टोमेनिया हा खराखुरा आजार आहे, पण दुर्मीळ. मानसोपचारतज्ज्ञ ज्या 'डीएसएम-5' या नियमावलीचा आधार घेतात, तिच्यानुसार समाजात त्याचं प्रमाण 0.3 ते 0.6 टक्के आहे. दुकानातल्या उचलेगिरीत पकडलेल्यांमध्येही ते 4 ते 24 टक्केच. म्हणजे दुकानात हात मारणारे बहुतेक लोक या आजाराचे रुग्ण नसतात, मग ते गाडीतून आलेले असोत की पायी.

रुग्णाला ती वस्तू नकोच असते आणि खिशात पैसाही असतो. उचलण्याआधी जीव घुसमटतो, उचलली की सुटल्यासारखं वाटतं, आणि घरी पोचल्यावर शरम खात राहते. वस्तू कपाटात पडून राहते, कुणाला तरी देऊन टाकली जाते, कधी गुपचूप परतही ठेवली जाते. साथीदार नाही, सूड नाही, सहसा आधी ठरवलेलंही नाही. आपल्या मापाचा महागडा ड्रेस हेरून उचलणं आणि तो लग्नात मिरवणं, याला क्लेप्टोमेनिया म्हणत नाहीत.

मग चांगली कमावती माणसं असं का करतात? कुणाला थरार हवा असतो, कुणाला "एवढं दुकान, काय फरक पडतो" असं वाटतं, कुणी नैराश्यात किंवा प्रचंड ताणात असतं. न्यूझीलंडच्या खासदार गोलरीझ घाहरामन यांचं प्रकरण बघा. इराणमध्ये जन्म, लहानपणी निर्वासित म्हणून आलेल्या, पेशाने वकील. महागड्या दुकानांतून कपडे उचलल्याच्या आरोपानंतर जानेवारी 2024 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. किंमत सुमारे 9 हजार न्यूझीलंड डॉलर. कामाच्या ताणाचा मनावर परिणाम झाला, असं त्या म्हणाल्या. पण ही सबब नाही, असंही त्यांनीच सांगितलं. त्यांनी गुन्हा कबूल केला. दोषी न ठरवता सोडावं ही विनंती कोर्टाने मानली नाही आणि 1,600 डॉलर दंड केला. ताण खरा असू शकतो आणि गुन्हाही खरा असू शकतो, एवढं यातून दिसतं.

जुन्या काळी मात्र हा शब्द वरच्या वर्गाच्या फार कामी आला. 1896 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका श्रीमंत व्यापाऱ्याची पत्नी, एला कॅसल, लंडनच्या दुकानांतून फरचे कपडे चोरताना सापडली. तीन महिन्यांची शिक्षा झाली, पण वैद्यकीय कारणावरून काही दिवसांतच सुटका. त्याच लंडनमध्ये गरीब बायकांसाठी असे डॉक्टर कोण आणणार होतं?

इथे बनू मखजूमच्या स्त्रीची हदीस आठवल्याशिवाय राहत नाही. घराणं मोठं, म्हणून हजरत उसामा (रजि.) यांच्याकरवी शिफारस गेली. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) नाराज झाले. आधीच्या कौमा यामुळेच बरबाद झाल्या की प्रतिष्ठिताने चोरी केली तर सोडायचे आणि कमजोराला शिक्षा द्यायचे, असं त्यांनी बजावलं. आपल्या लाडक्या लेकीलाही यातून वगळलं नाही.

आपला कायदा काय म्हणतो? भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 नुसार चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण माल 5 हजारांहून कमी किमतीचा, पहिल्यांदाच दोषी आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर समाजसेवेची शिक्षा. ही सवलत हमालाच्या पोरालाही आहे, हे वकिलाला आवर्जून सांगा. 'मन ठिकाणावर नव्हतं' हा बचाव क्लेप्टोमेनियात सहसा टिकत नाही, कारण आपण करतोय ते चूक आहे हे रुग्णाला कळत असतं.

घरात कुणाकडे अशा बिनकामाच्या वस्तू सापडू लागल्या तर बोभाटा करू नका, आणि "नजर लागली" म्हणून झाडफूकही नको. वस्तू परत करा आणि मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. बोलून विचारांची सवय बदलण्याची थेरपी असते. दारूचं व्यसन सोडवायला वापरतात ते नॅल्ट्रेक्सोन हे औषधही काहींना लागू पडतं. डॉक्टर जवळ नसेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन 14416 आहे. फोन फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.