व्हीलचेअर घेण्याआधी माप घ्या, विहाराची पायरीही मोजा



शिबिर भरते, मंडप लागतो, रांगेतल्या प्रत्येकाला व्हीलचेअर नाहीतर कुबड्यांची जोडी मिळते, फोटो निघतात. सहा महिन्यांनी त्याच घरी गेले तर व्हीलचेअरवर कपड्यांचा ढीग असतो. विचारले की घरचे सांगतात, "ताई, तिच्यात बसवत नाही," किंवा "दारातून बाहेरच निघत नाही." दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. एक मापाची आहे, दुसरी दाराची. या वेळी दोन्हींविषयी बोलू.

घाई का करू नये?

साधने मोफत देणारी केंद्र सरकारची ॲडिप योजना १९८१ पासून सुरू आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचा दाखला आणि महिन्याला २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असेल, तर साधन पूर्ण मोफत मिळते. ३०,००० पर्यंत उत्पन्न असेल तर निम्मी रक्कम मिळते. पण एक अट फार कमी लोकांना माहीत असते. एकदा साधन घेतले की त्याच कारणासाठी पुढची तीन वर्षे पुन्हा मदत मिळत नाही. बारा वर्षांखालील मुलांसाठी ही मुदत एक वर्षाची आहे. म्हणजे चुकीच्या मापाची खुर्ची घरी आणली, तर तीन वर्षे तिच्यावरच काढायची. "फुकट आहे, घेऊन टाकू" हे म्हणूनच महागात पडते.

माप कसे बघायचे?

व्हीलचेअर : बसल्यावर कंबरेच्या दोन्ही बाजूंना उभा तळहात सरकेल इतकीच जागा हवी. गुडघ्यामागे आणि बैठकीच्या कडेत दोन-तीन बोटे अंतर हवे. पाय लोंबकळू नयेत, पावले पायपट्टीवर टेकली पाहिजेत. खुर्ची फार रुंद असेल तर माणूस एका अंगाला कलतो. अरुंद असेल तर मांडीला घासते. कंबरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला हे घासणे कळतच नाही आणि बेडसोर होतो. त्यांच्यासाठी गादी हवीच. दर अर्ध्या तासाने हातांवर जोर देऊन अंग उचलायचे, जमत नसेल तर घरच्यांनी कलवायचे. रोज रात्री पाठीखालची कातडी बघा. लाल डाग बोटाने दाबूनही पांढरा होत नसेल, तर त्या जागेवर भार देणे थांबवा आणि लगेच दवाखाना गाठा.

काठी आणि वॉकर : सरळ उभे राहून हात खाली सोडा. मूठ मनगटाच्या घडीपाशी आली पाहिजे. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी धरायची. आपल्याकडे बहुतेक जण उलटी धरतात.

कुबड्या : काख आणि कुबडीत दोन-तीन बोटे अंतर ठेवा. भार तळहातावर घ्यायचा, काखेवर नाही. काखेतली शीर दाबली गेली की हात बधिर होतो. खालचे रबरी बूच झिजले की बदला. ओल्या फरशीवर झिजलेले बूच म्हणजे घसरणे ठरलेलेच.

कानाचे यंत्र श्रवण तपासणीशिवाय आणि अंधांची पांढरी काठी उंची बघितल्याशिवाय घेऊ नका. काठी साधारण छातीच्या हाडापर्यंत यावी. दृष्टिहीनांसाठी काम करणारी नॅब ही संस्था आपल्या सातपूरलाच आहे, तिथे चौकशी करता येईल.

साधन माणसाच्या राहणीला साजेसे हवे, हे जयपूर फूटने दाखवले. पूर्वीच्या परदेशी पावलाला बूट लागायचा आणि त्यावर उकिडवे बसता येत नसे. १९६८ मध्ये जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबरी पाऊल घडवले. ते घालून अनवाणी चालता येते, मांडी घालता येते, शेतात उतरता येते.

दार आणि पायरी

आता दुसरी तक्रार. मोठ्या माणसाची व्हीलचेअर बाहेरून दोन फुटांहून जरा जास्त रुंद असते. आपल्या घरांची दारे कितीदा तेवढीही नसतात. म्हणून खुर्ची घेण्याआधी घराचे दार, मोरीचे दार आणि गल्ली मोजा.

रॅम्पचा हिशेब सोपा आहे. एक फूट उंचीला बारा फूट लांबी. दीड फूट जोत्याला अठरा फूट. रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंना कठडा, वळणावर पाच फूट सपाट जागा, खाली खरबरीत फरशी. दार तीन फूट. पायऱ्यांवर फळी टाकून केलेला खडा उतार रॅम्प नसतो. त्यावर खुर्ची मागे कलंडते.

ही कुणाची मेहरबानी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सुगम करणे बंधनकारक केले. जुन्या इमारतींना नियम आल्यापासून पाच वर्षे दिली होती. नियम जून २०१७ मध्ये आले, मुदत २०२२ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुगमतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, सक्तीचे किमान नियम करावे लागतील.

या कायद्यात सार्वजनिक इमारत म्हणजे फक्त सरकारी कचेरी नव्हे. लोक धार्मिक आणि सांस्कृतिक कामासाठी येतात ती खासगी इमारतही त्यात धरली आहे. म्हणजे आपले विहार आणि समाजमंदिरही त्यात आले. बंद दाराचा अर्थ नाशिककरांना सांगायला नको. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारांवर आपल्या माणसांनी सत्याग्रह सुरू केला तो माणूस म्हणून आत जाण्याच्या हक्कासाठी. आज आपल्याच विहाराच्या तीन पायऱ्यांखाली कुणी खुर्चीत बसून बाहेरून वंदना ऐकत असेल, तर ते दार उघडायचे काम आपले आहे.

काय करावे?

यूडीआयडी कार्ड नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरा. तपासणी सरकारी रुग्णालयात होते. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. शिबिरात माप घेतल्याशिवाय साधनावर सही करू नका. महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत यांना स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखावा लागतो. तो कुठे खर्च झाला हे लेखी विचारा आणि त्यातून वस्तीच्या रस्त्याला उतार व सार्वजनिक शौचालयात कठडा मागा. दाद लागली नाही, तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते.

येत्या रविवारी वंदनेला येताना मापाची टेप आणा. विहाराचे जोते आणि दार मोजा, आकडे वहीत लिहा आणि त्याच बैठकीत रॅम्पचा ठराव घ्या.